पापडवाल्यांनी दक्षिणी समाजाची गच्ची सर केली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शालिवाहन शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, वैशाख मासी, झांशी शहरी दतिया दरवाज्याचे अमलात जे युद्ध जाहले, त्याची हकीकत लिहोन ठेवणे अगत्य. कारण की तोफ उडाली नाही म्हणजे युद्धच जाहले नाही, असे मानणारे लोक हल्ली फार, आणि त्यांत शिकलेले अधिक. या युद्धात रक्त सांडले नाही, उडदाचे पीठ मात्र सांडले. घोडा पडला नाही, एक सायकलरिक्षा पंक्चर जाहली. आणि जे मृत या रणात उतरले ते रणापूर्वीच मृत होते, त्यांस नव्याने इजा पोचली नाही. ऐकणाराने सावध होऊन ऐकावे. ज्यास पापड ही नुसती तळून खाण्याची वस्तू वाटते त्याने दोनदा ऐकावे.

ते काळी शहरातील पापडाची सुभेदारी कन्हैयालाल ठेकेदार यांजकडे होती आणि ती त्यांस वडिलांकडून चालत आली होती. रोज पहाटे तेवीस बायका त्यांचे दारी रांग धरीत, आणि मळलेल्या पिठाचा गोळा पदरात घेत, आणि घरी जाऊन लाटीत, आणि दुपारी ओले पापड आणून त्यांचे तीनमजली हवेलीच्या गच्चीवर वाळत घालीत, कारण की या बायकांच्या गल्ल्यांत ऊन शिरावयास वाट नाही. ठेकेदारांचे वहीत या फौजेस नावे नव्हती. "औरतें, तेईस" इतकाच मजकूर. बरे, राज्य चालवावयास तलवार तरी होती काय? नाही. चाबूक? तोही नाही. एक पत्र्याचे कडे होते. लाटलेला पापड त्या कड्यास भरला तर मंजूर, न भरला तर रद्द, मजुरी नाही, आणि रद्द जाहलेला पापड सायंकाळी त्याच दुकानी तळून विकावयास! अशी ही न्यायाची रीत.

त्या तेवीसांत इंदुमतीबाई खानविलकर या मुख्य नव्हत्या, पण पुढे जाहल्या. यांचे मूळपुरुष दक्षिणेतून घोड्यावर बसोन आले. घोडा गुरसरायेस मेला, पुरुष पायी झांशीस पोचला आणि राहिला. पुढे सात पिढ्यांत तलवार गेली, जमीन गेली, मराठी बोलीही अर्धी गेली, तोरा तेवढा राहिला. यजमान बरुआसागरच्या बसवर वाहक; महिन्यातून पंधरा दिवस कामावर, आणि उरलेले पंधरा दिवस बसच बंद. सबब घर पापडावर चाले.

इंदुमतीबाईंचे घरी पितळी डब्याचे एक झाकण होते, ते ठेकेदारांचे कड्यात नेमके बसे, म्हणोन बाई त्याच मापाने लाटीत. पौषात एके दिवशी पापड एकाएकी कमी पडो लागले. शंभरांत तीस रद्द, मग चाळीस रद्द. बाईंस वाटले, वय जाहले, हात चळला. रात्री दोनदा उठोन आपले मनगट चाचपून पाहिले. मग तिसरे दिवशी झाकण पदराखाली घेऊन गेल्या आणि सर्वांदेखत कड्यात ठेविले, तो झाकण आत खुळखुळले. कडे बोटभर वाढले होते! पीठ तितकेच आणि पापड थोरला, म्हणजे पातळ. पातळ म्हणजे तुटणार. तुटला की रद्द. बाई मोठ्याने म्हणाल्या, "अहो ठेकेदारजी, हात माझा नाही चळला, कडं तुमचं चळलंय!"

ठेकेदारांनी हुकूम फर्माविला तो येणेप्रमाणे: इंदुमतीने उद्यापासोन दारी येऊ नये, बाकीच्यांनी यावे, तोंड बंद ठेवोन यावे. ठेकेदार मनुष्य हिशेबी, परंतु रामकली नामे बाई त्यांचे हिशेबात धरली नव्हती. ही बुंदेलखंडी, आवाजाने दतिया दरवाज्यापासोन स्टेशनापर्यंत पोचणारी. ती ओरडली, "काए, अब का मौं सिल के पापड बेलहैं?" म्हणजे आता तोंड शिवोन लाटावे काय! आणि दुसरे दिवशी त्या दारी रांगच लागली नाही. गोळे सुकले, आणि ठेकेदार ओट्यावर एकटे बसोन कड्याकडे पाहात राहिले.

मग तेवीसजणींनी मिळोन सहकारी समिती स्थापन केली. सरला नामे दहावी पास सून त्यांत होती, ती सचिव जाहली, इंदुमतीबाई अध्यक्ष. नोंदणीचे कचेरीत सात खेपा जाहल्या, दर खेपेस एक कागद कमी निघे, आणि तो आणला की आधीचा हरवे. परंतु जाहले. आणि राज्य हाती येताच या बायकांनी कायदे केले ते मोठमोठ्या मुत्सद्द्यांनी पाहावे. पहिला कायदा, माप एकच, ते पितळी झाकण, आणि ते खिळ्यास टांगलेले असावे, कोणीही उचलोन ताडोन पाहावे. दुसरा, जी आजारी पडेल तिचा गोळा बाकीच्यांनी वाटोन लाटावा. रामकलीस टायफॉइड जाहला ते वेळी एकवीस दिवस तिचा वाटा घरपोच गेला, आणि ठेकेदारांचे राज्यात असता तर एकविसावे दिवशी तिची जागाच गेली असती. तिसरा, प्रत्येकीस ओळखपत्र, त्यावर छायाचित्र आणि नाव. हे कार्ड मिळाले त्या दिवशी कित्येकींनी ते हळदकुंकू लावोन देवापुढे ठेविले.

इतके उत्तम जाहले, मग संकट कोठून आले म्हणाल, तर आकाशातून. म्हणजे आकाश होते, त्याखाली जागा नव्हती. मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाने रोजचे पापड घेण्याचे कबूल केले, परंतु कलम घातले की आठवे दिवशी इन्स्पेक्टर येऊन वाळवणाची जागा पाहतील. स्वच्छ असेल तर करार पक्का, नसेल तर रद्द. आणि समितीचे वाळवण तर गल्लीत, खाटांवर! त्यावर धूळ, स्कूटरचा धूर, आणि एक बकरी, तिने एका दुपारी चौदा पापड खाल्ले आणि पुन्हा आली. हे ठेकेदारांस कळताच त्यांनी हरकाऱ्याकरवी निरोप पाठविला की, बावीसजणींनी खुशाल परत यावे, मागचे माफ. इंदुमतीने मात्र येऊ नये. तेव्हा घरोघर कुजबुज सुरू जाहली. सासवा बोलो लागल्या, नवरे बोलो लागले. इंदुमतीबाईंस अन्न गोड लागेना. स्वतःचे काम गेले त्याचे दुःख होतेच. परंतु आपल्या एका झाकणापायी बावीस घरे उठवली आणि आता ती पुन्हा खाली मान घालोन त्याच दारी उभी राहणार, हे त्यांस काही केल्या सोसेना.

दतिया दरवाज्याजवळ दक्षिणी समाजाचे भवन आहे. त्याची गच्ची म्हणजे मैदान! चहूकडून छातीइतका कठडा, दिवसभर ऊन, धुळीचे नाव नाही. गणपतीत एक दिवस ध्वज लावावयास उघडी, उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कुलूप आणि कबुतरे. समाजाचे अध्यक्ष राजश्री नीलकंठराव दफ्तरदार, रेल्वेतील निवृत्त हेडक्लार्क, अक्षर मोत्यासारखे आणि त्याचा गर्व मोत्याहून भारी. इंदुमतीबाई आणि सरला भेटीस गेल्या तेव्हा अध्यक्ष भवनाचे दिवाणखान्यात पंख्याखाली बसले होते, आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांवर कन्हैयालाल ठेकेदारांचे नाव रंगविलेले होते. पंखा फिरत असल्याने ते वाचता येत नव्हते, तरी वारा त्यांचाच येत होता.

अध्यक्षांनी विनंती ऐकोन घेतली, बाईंच्या पूर्वजांच्या घोड्याची चौकशी केली, आणि मग निर्णय सांगितला. गच्ची देणे हे सभेचे काम, विश्वस्त अकरा, सहा हजर असल्याविना सभा होत नाही, आणि अकरांपैकी सात कैलासवासी! त्यांचे जागी नवे का घेतले नाहीत, ऐसे सरलेने विचारिले, तो अध्यक्षांस धक्काच बसला. थोरांची नावे पाटीवरून पुसावी? त्यांचे घरच्यांस काय वाटेल? दक्षिणी मनुष्य मेला तरी त्याचा मान मरत नाही. सबब पाटी जशीच्या तशी आहे, आणि सहा जिवंत होत नाहीत, आणि गच्ची मिळत नाही, याउपर इलाज नाही. ऐसे बोलोन त्यांनी चहा मागविला.

सरला मराठी बोलताना अडखळे, परंतु कान तिखट. ती हिंदीतच म्हणाली, "पर चाचाजी, आप तो हर साल अध्यक्ष चुने जाते हैं. चौदह साल से. वो सभा कैसे होती है?"

येथे नीलकंठराव चुकले. दुसरा कोणी असता तर खोकला असता, पाणी मागता, विषय बदलता. परंतु दफ्तरदारांचे घराणे. यांच्या नोंदीवर कोणी शंका घ्यावी हे त्यांस सहन होईना. त्यांनी कपाटातून इतिवृत्ताचे बाड काढिले आणि स्वहस्ते उघडोन दाखविले, पाहा, चौदा वर्षांत एक खाडाखोड नाही! आणि तेथे मोत्यांसारख्या अक्षरात दर वर्षी लिहिले होते: "हजर विश्वस्त अकरा, पैकी सात तसबिरीरूपे. नीलकंठराव यांची अध्यक्षपदी निवड. तसबिरीरूपे हजर असलेल्यांची हरकत नाही." भिंतीवर सात तसबिरी हारासह टांगलेल्या होत्याच. इंदुमतीबाई एकदा वर पाहात, एकदा खाली पाहात. सरलेने चौदाही सभांच्या तारखा तळहातावर लिहोन घेतल्या, आणि मग गोड आवाजात सभेची मागणी केली. अध्यक्षांनी हसत हसत सातवे दिवशी चार वाजताची सभा लावोन दिली.

त्या बाहेर पडल्या आणि घटकाभराने नीलकंठरावांस आपण काय दाखविले ते उमगले. मग काय विचारता! लगोलग भिंतीवरच्या साती तसबिरी उतरविल्या आणि काचा बदलावयाच्या सबबीखाली एका चौकटवाल्याकडे रवाना केल्या, आणि त्यास ताकीद दिली की पंधरा दिवस हात लावू नये. भिंतीवर सात पांढरे चौकोन राहिले.

सभेच्या सकाळी हे वर्तमान कळताच बायकांत हाहाकार जाहला. कोणी म्हणे चौकटवाल्याचे दुकान फोडू, कोणी म्हणे आता ठेकेदाराचेच पाय धरू. इंदुमतीबाई तेथेच पिठाच्या परातीवर बसल्या, आणि पीठ सांडले, तरी उठेनात. मग एकाएकी उठल्या आणि फर्माविले: मेलेला माणूस एकाच भिंतीवर टांगलेला असतो काय? त्याचे घर आहे, घरी भिंत आहे, भिंतीवर तो आहे. चला!

मग तेवीसजणींच्या सात तुकड्या जाहल्या आणि सात घरांवर चाल करोन गेल्या. वैशाखाचे ऊन, तापल्या वाऱ्याची लू सुटलेली, डोईवर पदर. एका घरी चहा घेतल्याविना सासरे खाली उतरवीनात. एका घरी कैलासवासींच्या स्वभावाचे वर्णन तासभर ऐकावे लागले. एका घरी चिरंजीव म्हणाले, "पापा? पापा तो अलमारी के पीछे हैं, पुताई के बाद टाँगना रह गया," आणि ओशाळोन धूळ पुसो लागले. एका विश्वस्तांची स्वतंत्र तसबीरच नव्हती. सबब लग्नातील समूहचित्र उचलिले, त्यात मशारनिल्हे मागील रांगेत चौथे, डोळे मिटलेले. ऐशा रीतीने सहा मिळाले. सातवे कैलासवासी श्रीकृष्णपंत, समाजाचे संस्थापक. त्यांचे घरी इंदुमतीबाई जातीने गेल्या. दाराशी राधाबाई, वय सत्त्याहत्तर, ताठ. त्यांनी सर्व ऐकोन घेतले आणि इतकेच म्हणाल्या, "तसबीर मिळायची नाही. त्यांना मी कुणाच्या हाती देत नाही." बाईंचा चेहरा उतरला. तो म्हातारी चपला शोधीत म्हणाली, "उभी काय राहिलीस? रिक्षा बोलाव. मी घेऊन येते." पुढे अर्ध्या वाटेत रिक्षाचे चाक बसले, तेव्हा संस्थापक मांडीवरून बगलेत आले आणि राधाबाई उन्हातून पायी चालत आल्या.

चार वाजता सभा भरली. जिवंत विश्वस्त चार: नीलकंठराव, एक बहिरे, एक झोपलेले, आणि एक अध्यक्षांचे व्याही. अध्यक्ष गणसंख्येअभावी सभा बरखास्त करणार, इतक्यात दार उघडले आणि बायका एकामागोमाग आत आल्या आणि सात खुर्च्यांवर सात तसबिरी बसविल्या. नीलकंठरावांनी पहिली हरकत घेतली की समूहचित्रातील गृहस्थांचे डोळे मिटलेले आहेत, ते हजर कसे? सरलेने घोरत असलेल्या विश्वस्तांकडे बोट केले. ती हरकत तेथेच बुडाली. दुसरी हरकत, तसबिरींस मत नाही. तेव्हा सरलेने तळहात पुढे केला आणि चौदा तारखा वाचल्या, आणि विचारिले की मत नसेल तर चाचाजी चौदा वर्षे अध्यक्ष कसे? बहिऱ्या विश्वस्तांस हे मात्र नीट ऐको गेले. ते खो खो हसले.

मग अध्यक्षांनी शेवटली तोफ डागली. उभे राहोन, संस्थापकांचे तसबिरीकडे हात करोन, भरल्या गळ्याने म्हणाले की, दक्षिणी घराण्यातील स्त्रीने आजवर परक्यासाठी लाटणे हाती धरले नाही. खानविलकरांनी कुळाची लाज सोडली, ती त्यांची त्यांनी सोडावी. परंतु समाजाचे माथ्यावर पापड वाळलेले पाहोन या थोर आत्म्यास काय वाटेल! इंदुमतीबाईंचे कान तापले. हेच बोल त्यांनी सासरी ऐकिले, माहेरी ऐकिले, हळदीकुंकवास ऐकिले, आणि दर वेळी मान खाली घातली होती. आताही ती खाली गेलीच.

तो मागून आवाज आला. "नीलकंठा, बस खाली."

राधाबाई उठल्या होत्या. "तुझ्या मुंजीत पंगतीला पापड वाढले होते ना, ते मी लाटलेले. या कन्हैयाच्या बापासाठी. नऊ वर्षं लाटले मी, मागच्या खोलीत, कडी लावून. ह्यांनी नोकरी सोडून तुमचा समाज काढला, मानपान केले, भाषणं केली. घर कशावर चाललं ते ह्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. गोळा न्यायला पोरगा मागच्या दारानं यायचा, कुणी बघू नये म्हणून. आणि माझ्यासारख्या आणखी किती होत्या, ते मला विचारू नकोस, तुझ्याच घरापासून सुरुवात करावी लागेल. आत्म्याला काय वाटेल म्हणतोस? आत्म्याचं मी बघते. तू लिही."

अरे, काय तो प्रसंग! इंदुमतीबाईंची मान वर आली ती डोळ्यांतून पाणी गळत असतानाच वर आली, आणि त्यांनी ते पुसलेही नाही. व्याह्यांनी छताकडे पाहिले. झोपलेले विश्वस्त जागे जाहले आणि विषय न विचारता हात वर करोन मोकळे जाहले, ही त्यांची जुनी सवय. आणि नीलकंठरावांनी बाड ओढिले आणि लिहिले. अक्षर बिघडो दिले नाही. "हजर अकरा, पैकी सात तसबिरीरूपे. गच्ची समितीस वाळवणासाठी देण्याचे ठरले. तसबिरीरूपे हजर असलेल्यांची हरकत नाही." खाली सही केली आणि टिपकागदही लावला.

किल्ली गंजलेली निघाली, कुलूप तेल घालोन उघडिले, कबुतरांचा मुलूख बादल्याबादल्यांनी धुतला, आणि आठवे दिवशी उन्हे चढावयाच्या आत गच्चीवर पांढऱ्या चादरींवर पापड मांडोन जाहले, ओळीने, झाकणाच्या मापाचे. दहा वाजता इन्स्पेक्टर आले. कठडा पाहिला, चादर चिमटीत धरली, एक पापड उन्हाकडे धरोन पाहिला, आणि मान डोलविली. मग फॉर्म काढोन पेन उघडिले आणि विचारिले, "मालिक कौन है?"

आता पाहा, तेवीसजणींनी मागे वळोन पाहिले. इंदुमतीबाईंनीही पाहिले. इतक्या वर्षांची सवय. मालक म्हटले की कोणीतरी जिना चढोन येत असावा. जिन्यात कोणी नव्हते. मग रामकली प्रथम हसली, आणि हात वर केला, आणि म्हणाली, "हम." मग सरलेने केला. मग इंदुमतीबाईंनी, मग सगळ्यांनी. इन्स्पेक्टर म्हणाले, फॉर्मात मालकासाठी ओळ एकच आहे. बायका हात खाली घेईनात. तेव्हा ते कठड्यास टेकले आणि समासात, बाजूस, उलटे करोन मागील पानावर एकेक नाव लिहीत गेले, आणि प्रत्येकीने आपले नाव दोनदा सांगितले, चूक होऊ नये म्हणोन.

तेविसावे लिहोन पेन मिटतात तो जिन्यात धाप लागल्याचा आवाज जाहला आणि राधाबाई वर आल्या. येत्या पावली म्हणाल्या, माझेही लिहा. इन्स्पेक्टरांनी वयाकडे पाहोन अदबीने विचारिले, "माताजी, किसके घर से? पति का नाम?"

म्हातारीने खाली बसकण मारली, एक पापड उलथा केला आणि म्हणाली, "मेरा नाम पूछो. राधाबाई. पापड बेलती हूँ. पहले से."

इन्स्पेक्टरांनी तसेच लिहिले. करार पक्का जाहला, गच्ची फत्ते जाहली, आणि त्या कागदावर मालक चोवीस आहेत.